एडनचा खारा धडा आणि बंगळुरूची तहान

समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर, दोन्ही किनाऱ्यांपासून सुमारे तीनशे किलोमीटर आत वसलेल्या बंगळुरूमध्ये समुद्राचे पाणी गोडे करण्यावर संशोधन चालते, हे ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या यांत्रिक अभियांत्रिकी विभागातील सुस्मिता दाश आणि नबजित डेका यांनी खारे पाणी उन्हाच्या उष्णतेवर गोडे करणारे एक उपकरण घडविले आणि २०२५ मध्ये त्याची वार्ता देशभर पोहोचली. या वार्तेचे मोल नीट कळण्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे, तेही अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर जावे लागते. त्या वाटेवर भेटणारा मुख्य माणूस बंगळुरूचा आहे आणि पुण्याचाही.

मुंबई इलाख्यातील तहानलेले बंदर

एडन बंदर इंग्रजांनी १८३९ मध्ये जिंकले आणि त्याचा कारभार मुंबई सरकारकडे सोपविला. पुढे जवळजवळ शतकभर हे अरबस्तानातील बंदर मुंबई इलाख्याचा भाग होते. महाराष्ट्राला एडनचे नाव प्रामुख्याने ठाऊक आहे ते आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्यामुळे. तेथील तुरुंगातच १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. मात्र त्याच एडनला विज्ञानाच्या इतिहासातही एक जागा आहे. तेथे वर्षाकाठी जेमतेम चार-पाच सेंटिमीटर पाऊस पडतो. बारमाही नदी नाही. डोंगराच्या कुशीत खोदलेली प्राचीन टाकी होती. परंतु पाऊसच नसेल तर टाकी तरी कशाने भरणार?

१८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि युरोप व हिंदुस्थान यांच्यामधील बहुतेक आगबोटी एडनला कोळसा घेण्यासाठी थांबू लागल्या. बोटीला कोळशाइतकीच गोड्या पाण्याची गरज असे. खारे पाणी बाष्पकात घातले की क्षारांचे थर साचतात, उष्णता पोहोचेनाशी होते आणि अखेर धातू जळतो. माणसांची तहान तर वेगळीच. म्हणून एडनमध्ये समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड करणारी यंत्रे उभी राहिली. जमिनीवर बांधलेल्या आणि नियमित चालणाऱ्या निक्षारीकरण केंद्रांपैकी जगातील अगदी सुरुवातीचे हे एक उदाहरण होय.

यामागचे तत्त्व मात्र अतिप्राचीन आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ गोडी असते, हे ॲरिस्टॉटलने नोंदविले होते. शतकानुशतके खलाशी अडचणीच्या वेळी किटलीतले समुद्रजल उकळून वाफेचे थेंब गोळा करीत. अडचण ज्ञानाची नव्हती, इंधनाची होती. एक लिटर पाणी तापविण्यास जी उष्णता लागते, तिच्या कितीतरी पट उष्णता त्या पाण्याची वाफ होताना लागते. हीच ती अप्रकट उष्मा. शंभर अंशांवर तिचे मान किलोग्रॅममागे सुमारे २,२६० किलोज्यूल भरते. एडनमध्ये ही उष्णता दूरवरून बोटीने आलेल्या कोळशातून मिळवावी लागे. साहजिकच ते पाणी महाग होते.

विश्वेश्वरय्या एडनला जातात

१९०६ मध्ये एडनच्या लष्करी वसाहतीचा पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था यांचा अभ्यास करण्यासाठी भारत सरकारने मुंबई इलाख्यातील एका अभियंत्याला पाठविले. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्या यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात झाले आणि अभियांत्रिकीचे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. १८८४ मध्ये ते मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले. नाशिक, खानदेश, पुणे हा त्यांच्या उमेदीच्या काळातील कामाचा मुलूख होता. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसविलेली स्वयंचलित दारे ही त्यांचीच निर्मिती. त्याआधी सिंधमधील सक्कर येथे नदीचे गढूळ पाणी शुद्ध करण्यासाठी त्यांनी पात्रातील वाळूचाच गाळणीसारखा उपयोग केला होता. वाळूतून झिरपून आलेले स्वच्छ पाणी विहिरीत गोळा करायचे आणि तेथून शहराकडे चढवायचे, अशी ती युक्ती होती.

एडनमध्येही त्यांची नजर समुद्रावर खिळून राहिली नाही. त्यांनी बंदरामागच्या प्रदेशाची पाहणी केली. उत्तरेकडील डोंगरांत थोडाफार पाऊस पडतो, तेथून निघालेले प्रवाह वाळूत जिरतात आणि जमिनीखालून सरकत राहतात, हे त्यांच्या ध्यानी आले. लाहेजच्या बाजूला, वाळूच्या पोटातील हे पाणी विहिरी खणून एडनपर्यंत आणावे, अशी शिफारस त्यांनी केली.

या शिफारशीत एक टिकाऊ विचार आहे. समुद्र समोर आहे आणि तो कधी आटणार नाही, एवढ्याने त्याचे पाणी स्वस्त ठरत नाही. निसर्गाने सूर्याच्या उष्णतेवर जे पाणी आधीच गोडे करून डोंगरावर आणून टाकले आहे, ते शोधणे आधी. कोळसा जाळून तेच काम पुन्हा करणे नंतर. पाण्याच्या नियोजनातील हा अग्रक्रम आजही बदललेला नाही. बदलली आहे ती दोन्ही बाजूंची किंमत.

बंगळुरू पाण्यामागे धावते

मुंबई सरकारची नोकरी सोडल्यानंतर विश्वेश्वरय्या १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. त्याच १९०९ साली बंगळुरूमध्ये भारतीय विज्ञान संस्थेची स्थापना झाली. जमशेटजी टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर ती उभी राहिली. जुने बंगळुरूकर आजही तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात.

बंगळुरूला स्वतःची मोठी नदी नाही. शहर जलविभाजकाच्या माथ्यावर वसले आहे; पडलेले पाणी तेथून खाली निघून जाते. पूर्वजांनी यावर काढलेला उपाय म्हणजे उतारावर एकाखाली एक बांधलेले तलाव. एकाचे वाहून गेलेले पाणी दुसऱ्यात उतरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते अपुरे पडले आणि १८९६ मध्ये अर्कावती नदीवरील हेसरघट्टा तलावातून नळाने पाणी येऊ लागले. पुढे अवर्षणात हेसरघट्टाने दगा दिला, तेव्हा विश्वेश्वरय्या आणि दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय बांधला गेला. १९३३ मध्ये त्याचे पाणी शहराला मिळू लागले. तेही पुरेनासे झाले, तेव्हा सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरील कावेरीकडे वळणे भाग पडले.

कावेरीचा पहिला टप्पा १९७४ चा. त्यानंतर एकामागून एक टप्पे झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. या एका टप्प्याची क्षमता दिवसाला ७७५ दशलक्ष लिटर आहे. कावेरीचे हे सारे पाणी सुमारे पाचशे मीटर वर चढवावे लागते. नदी दोन राज्यांच्या वादाची असल्यामुळे त्यातील प्रत्येक थेंब मोजलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कर्नाटकाचा वाटा वाढविताना बंगळुरूच्या पिण्याच्या पाण्यासाठी ४.७५ अब्ज घनफूट वेगळे नमूद केले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते.

पाचवा टप्पा सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात, म्हणजे मार्च २०२४ मध्ये, शहराने पाणीटंचाईचा मोठा फटका अनुभवला. सुमारे चौदा हजार सार्वजनिक कूपनलिकांपैकी जवळपास सात हजार कोरड्या पडल्या. ज्या वस्त्यांपर्यंत कावेरीचे नळ पोहोचले नव्हते, त्या पूर्णपणे टँकरवर विसंबल्या. तेव्हा समाजमाध्यमांवर एक प्रश्न वारंवार विचारला गेला: एवढा मोठा समुद्र असताना त्याचे पाणी गोडे करून बंगळुरूला का आणू नये?

पडद्यामागचा रसायनशास्त्रज्ञ

एडनच्या काळात या प्रश्नाला कोळशाचे उत्तर होते. आज उत्तर आहे ते पातळ पडद्याचे. या स्थित्यंतराच्या केंद्रस्थानी एक भारतीय नाव आहे.

वनस्पतीच्या मुळांत पाणी शिरते ते परासरणामुळे. अर्धपार्य पडद्याच्या एका बाजूला गोडे आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी असेल, तर गोडे पाणी आपोआप खाऱ्याकडे जाते. खाऱ्या बाजूवर पुरेसा दाब दिला तर हा प्रवाह उलटा फिरतो आणि क्षार मागे राहून पाणी पलीकडे येते. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सत्तावीस पट असतो. म्हणून प्रत्यक्ष संयंत्रात पंचावन्न ते सत्तर पट दाब द्यावा लागतो.

१९५० च्या दशकात सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा क्षार अडवितो, हे अमेरिकेत सिद्ध झाले होते. पण त्यातून पाणी इतके संथ झिरपे की व्यवहारात त्याचा उपयोग नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास यावर मार्ग शोधला. सौरिराजन अण्णामलई आणि मुंबई विद्यापीठांत शिकून अमेरिकेस गेलेले. या दोघांनी असा पडदा बनविला की ज्याच्या एका पृष्ठावर अत्यंत पातळ, घट्ट थर होता आणि त्याखाली आधाराला जाड, सच्छिद्र थर. क्षार अडविण्याचे काम फक्त वरच्या पातळ थराचे. अडथळा पातळ झाल्यामुळे पाण्याचा प्रवाह अनेक पटींनी वाढला. पडदा उलटा लावला की तो काम करीत नसे. कोणती बाजू खाऱ्या पाण्याकडे हवी, यातच सारे मर्म होते. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा गावी या पद्धतीने मचूळ पाणी गोडे होऊ लागले. आज घराघरांत ‘आरओ’ म्हणून ओळखले जाणारे यंत्र याच शोधाचे वंशज आहे.

भारतात या विद्येची पायाभरणी किनाऱ्यावर झाली. भावनगर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने मीठ काढण्याबरोबरच मीठ वगळून पाणी मिळविण्याचे तंत्रही विकसित केले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पक्कमच्या अणुवीज केंद्राशी जोडलेले, दिवसाला त्रेसष्ट लाख लिटर क्षमतेचे संयंत्र उभारले. त्यात वाफेची आणि पडद्याची अशा दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर वेगळीच वाट चोखाळली. तेथे पृष्ठभागाचे उबदार पाणी कमी दाबाखाली नेऊन त्याची वाफ करतात आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरच्या थंड पाण्याने ती वाफ गार करतात. समुद्राच्या दोन थरांमधील तापमानाचा फरकच येथे कामी येतो. चेन्नई शहराने तर २०१० पासून मिंजूर आणि पुढे नेम्मेली येथे पडद्यावर चालणारी मोठी संयंत्रे उभारली. कर्नाटकातही मंगळुरूच्या तेलशुद्धीकरण कारखान्याने दिवसाला ३० दशलक्ष लिटरचे संयंत्र उभारले असून २०२२ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. मुंबई महापालिकेने मनोरी येथे दिवसाला २०० दशलक्ष लिटरच्या प्रकल्पाचा अहवाल करून घेण्यासाठी २०२१ मध्ये इस्रायलच्या कंपनीशी करार केला.

उंचीचा हिशेब

मग बंगळुरूनेच मागे का राहावे? याचे उत्तर अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे आणि विद्यार्थ्यांनी ते स्वतः पडताळून पाहावे.

समुद्राच्या पाण्यातून क्षार वेगळे करण्यास निसर्गनियमानुसार काही किमान ऊर्जा द्यावीच लागते. निम्मे पाणी गोडे करून घ्यायचे म्हटले तर ती एक हजार लिटरमागे सुमारे एक युनिट भरते. यापेक्षा कमी ऊर्जेत ते काम कोणतेही यंत्र करू शकणार नाही. आजची उत्तम संयंत्रे साधारण तीन ते चार युनिट खर्च करतात.

आता हे पाणी वर चढवायचे आहे. एक हजार लिटर म्हणजे एक हजार किलोग्रॅम. ते नऊशे मीटर उचलण्यासाठी वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला, तर सुमारे ८८ लाख ज्यूल म्हणजे जवळजवळ अडीच युनिट होतात. पंपांची कार्यक्षमता पंचाहत्तर टक्के धरली तर हा आकडा सव्वातीनवर जातो. तीनशे किलोमीटरच्या नळातील घर्षण वेगळेच. म्हणजे पाणी गोडे करण्यास जेवढी वीज लागते, जवळपास तेवढीच ते बंगळुरूला पोहोचविण्यास लागणार. दोन्ही मिळून सात युनिट. कावेरीचे पाणी पाचशे मीटर चढविण्यास याच हिशेबाने पावणेदोन ते दोन युनिट लागतात.

कावेरीच्या पाचव्या टप्प्याएवढे, म्हणजे दिवसाला ७७५ दशलक्ष लिटर पाणी समुद्रातून आणायचे ठरविले, तर रोज सुमारे ५४ लाख युनिट वीज लागेल. रात्रंदिवस अखंड सव्वादोनशे मेगावॉट पुरविणारा स्रोत केवळ यासाठी राखून ठेवावा लागेल. शिवाय निम्मे पाणी गोडे झाले तर उरलेले निम्मे दुप्पट खारे होऊन समुद्रात परतते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार जगभरातील निक्षारीकरण केंद्रे दिवसाला सुमारे ९.५ कोटी घनमीटर गोडे पाणी देतात आणि त्याच वेळी १४ कोटी घनमीटरांहून अधिक खारट द्रव बाहेर सोडतात. त्याची विल्हेवाट हा किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा आणि सागरी जीवांचा प्रश्न आहे.

प्रयोगशाळेतील कापड आणि धातूचा पत्रा

मग भारतीय विज्ञान संस्थेतील उपकरणाचा उपयोग कोणाला? ज्यांच्याकडे खारे पाणी आहे, ऊन आहे, पण वीज आणि मोठे भांडवल नाही, अशा किनारपट्ट्यांना आणि बेटांना.

उन्हावर पाणी गोडे करण्याची कल्पना जुनी आहे. चिलीतील लास सालिनास येथील खाणकामगारांसाठी १८७२ मध्ये काचेच्या उतरत्या छपरांखाली खारे पाणी तापविण्याची व्यवस्था केली होती. सुमारे साडेचार हजार चौरस मीटर काचेखालून दिवसाला वीस हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी मिळे. म्हणजे एका चौरस मीटरमागे दिवसभरात पाच लिटरांच्या आसपास. वाफ काचेवर थंड होताना अप्रकट उष्मा बाहेर टाकते आणि ती हवेत वाया जाते, हे यामागचे कारण. दुसरी अडचण म्हणजे मागे राहणारे मीठ. ते पृष्ठभागावर साचते आणि हळूहळू सारे काम थंडावते.

बंगळुरूच्या उपकरणाने या दोन्ही अडचणींना हात घातला आहे. त्यात कापडाची वात आणि खाचा पाडलेला धातूचा पत्रा यांची जोडी आहे. कापड टाकीतील खारे पाणी ओढून घेते आणि सायफनच्या तत्त्वाने ते पुढे वाहत राहते. पाणी सतत वाहते असल्यामुळे मीठ स्फटिकरूपाने बसण्यापूर्वीच धुऊन निघते. तापलेल्या पत्र्यावर पाण्याचा पातळ थर पसरतो, त्याची वाफ होते आणि अवघ्या दोन मिलिमीटर अंतरावरील थंड पृष्ठावर ती पुन्हा पाणी होते. तेथे बाहेर पडलेली उष्णता पुढच्या जोडीतील पाणी तापविते. अशा अनेक जोड्या एकापुढे एक रचल्या की तीच उष्णता पुन्हा पुन्हा कामाला येते.

संशोधकांनी दिलेला दर चौरस मीटरमागे तासाला सहा लिटरांहून अधिक आहे. याचे महत्त्व एका हिशेबाने कळते. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट ऊर्जा पडते. ती सारीच्या सारी वापरली, तरी एकदाच वाफ करून तासाला जेमतेम दीड लिटर पाणी मिळेल. सहा लिटर मिळतात याचा अर्थ तीच उष्णता किमान चार वेळा राबविली गेली. वीस टक्के मीठ असलेले पाणीही या उपकरणात तुंबत नाही, हे त्याचे दुसरे बलस्थान. समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्केच असते.

हा दर प्रत्यक्ष वापरात टिकला, तर पाच-सहा तासांच्या चांगल्या उन्हात एका चौरस मीटरपासून तीसेक लिटर पाणी मिळेल. एका कुटुंबाच्या पिण्याची आणि स्वयंपाकाची गरज त्यातून भागू शकते. शहराची गरज मात्र माणशी दिवसाला १३५ लिटर धरली जाते. ती भागविणे हे या उपकरणाचे काम नव्हे आणि तसा दावाही नाही.

शहराच्या पोटातला झरा

विश्वेश्वरय्यांचा अग्रक्रम आज बंगळुरूला लावला तर काय दिसते? लाहेजच्या वाळूखाली वाहणाऱ्या पाण्यासारखा एक स्रोत या शहराच्या पोटातही आहे. तो म्हणजे त्याचेच वापरलेले पाणी. कावेरीचे पाणी एकदा पाचशे मीटर चढविले, की वापरानंतर त्याचा मोठा भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. चढविण्याचा खर्च आधीच झालेला असतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर शहरी सांडपाण्यात साधारण एक ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. परासरण दाब क्षारांच्या प्रमाणात असतो. त्यामुळे तोच पडदा येथे कितीतरी कमी विजेवर चालतो. सिंगापूरने २००३ पासून या मार्गाने पाणी मिळविले आहे. बंगळुरूचे प्रक्रिया केलेले पाणी २०१८ पासून कोलारच्या तलावांत सोडले जाऊ लागले. ते कितपत शुद्ध असावे, यावर शास्त्रज्ञांनी आणि शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या. त्या हरकती योग्यच आहेत. सांडपाणी स्रोत मानायचे असेल, तर त्याची तपासणीही पिण्याच्या पाण्याइतकीच काटेकोर हवी.

एडनमध्ये कोळशाच्या धुरात गोड्या पाण्याचे पिंप भरत होते, तेव्हा पाण्याची खरी किंमत प्रत्येकाला दिसत होती. नळाला पाणी आले की ती किंमत दिसेनाशी होते. ती उंचीत, विजेच्या तारांत आणि कोणाच्या तरी वाट्याच्या नदीत दडून बसते. समुद्राचे पाणी गोडे करण्याची विद्या किनाऱ्यांसाठी, बेटांसाठी आणि दुष्काळी वर्षांसाठी अवश्य वाढली पाहिजे, आणि ती बंगळुरूच्या प्रयोगशाळेत वाढत आहे हे अभिमानास्पद आहे. बंगळुरूच्या नळाला मात्र आधी तिच्याच तलावांचे, पावसाचे आणि एकदा वापरलेल्या पाण्याचे उत्तर शोधावे लागेल.

#विज्ञानवार्ता #निक्षारीकरण #बंगळुरू #पाण्याचा_इतिहास